इंग्रजी वाक्प्रचार आणि आमचा पळता चोर

आमच्या शिक्षणाच्या कारखान्यात एका बाजूने सजीव वस्तू घातली की दुसऱ्या बाजूने तिचा सांगाडा बाहेर पडतो, ही तक्रार नवी नाही. काव्य आत गेले की त्याचे ठराविक ‘रसग्रहण’ बाहेर येते, इतिहास आत गेला की सनावळी बाहेर येते, आणि भाषा आत गेली की ‘सूचनेप्रमाणे बदल करा’ या मथळ्याखाली गुणांच्या तराजूत तोललेली वाक्ये बाहेर येतात. तक्रार जुनी आहे म्हणून ती खोटी ठरत नाही, आणि तिच्याकडे कानाडोळा करण्याची सवय जडली म्हणून तिच्यातील हानीही थांबत नाही. आज आम्ही त्या मोठ्या तक्रारीचा एक लहानसा, दिसण्यात अगदी क्षुल्लक असा भाग वाचकांपुढे ठेवणार आहोत. विषय आहे एका इंग्रजी वाक्प्रचाराचा. तो वाक्प्रचार म्हणजे ‘नो सूनर… दॅन’. महाराष्ट्रात बारावीपर्यंत पोहोचलेल्या बहुतेक सर्व विद्यार्थ्यांच्या हातून त्याची वाक्ये डझनांनी लिहून झालेली असतात; परंतु स्वतःच्या गरजेसाठी, स्वतःच्या तोंडाने, स्वतःचे काही सांगण्याकरिता तो उच्चारणारा विद्यार्थी शोधू गेल्यास भरदिवसा कंदील घेऊन फिरावे लागेल.

अकोल्याहून निघून पातूरचा घाट चढून गेले म्हणजे वाशीमच्या वाटेवर, मालेगावच्या अलीकडे, मेडशी हे गाव लागते. १९९८ साली वाशीम जिल्हा निराळा झाला. तोपर्यंत हा मुलूख अकोला जिल्ह्यातच मोडत असे. सोयाबीन, तूर आणि कापूस यांच्या भावावर ज्यांचे वर्ष बरे की वाईट हे ठरते, अशा कुटुंबांचा हा प्रदेश. गेल्या पावसाळ्यात एका स्नेह्यांकडे आमचे तेथे जाणे झाले. संध्याकाळी ओसरीवर बसलो असता त्यांची बारावीत शिकणारी मुलगी समोरच मार्गदर्शक पुस्तक उघडून इंग्रजीचा अभ्यास करीत होती. ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’ने आरंभ होणारी वाक्ये ‘नो सूनर… दॅन’ घालून पुन्हा लिहावयाची, असा तो स्वाध्याय होता. मुलगी हुशार. पेन एकदाही न अडखळता तिने सगळी वाक्ये पालटून टाकली. ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’ खोडावयाचे, त्या जागी ‘नो सूनर’ लिहावयाचे, पुढे ‘डिड’ बसवावयाचा, क्रियापद मूळ रूपास आणावयाचे, आणि स्वल्पविराम काढून तेथे ‘दॅन’ घालावयाचा. सुताराने चूल बसवावी तसे तिचे काम चालले होते. चूक एकही नव्हती.

त्याच दुपारी तालुक्याहून परत येताना तिची यष्टी चुकली होती, आणि ती हकीकत ती आपल्या आईस सांगत असताना आम्ही ऐकली होती. आम्ही सहज म्हटले, “बेटा, दुपारी तुझी गाडी चुकली ना? तेवढे या ‘नो सूनर’मध्ये सांग बरे.” मुलीने आमच्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू आम्ही तिला भूमितीची कंपासपेटी घेऊन भाकरी थापावयास सांगितले. मग संकोचाने ती म्हणाली, “काका, हे पेपरात लिहाचं असते, बोलाचं नसते.”

वाचकहो, हे एक वाक्य या लेखाचे कारण आहे. मुलीची त्यात काडीइतकी चूक नाही. ज्या शिक्षणाने तिला हा धडा दिला, त्याचे सार तिने आमच्या सर्व शिक्षणतज्ज्ञांपेक्षा थोडक्यात सांगितले. आम्ही पुढे विचारले, “बरे, मग आईला काय सांगितलेस?” ती चटकन उत्तरली, “मी सडकेवर आली ना आली, तं गाडी सुटली!” हे सांगताना तिच्या स्वरात रागही होता आणि थोडे हसूही होते. ‘नो सूनर’ म्हणतात तो नेमका हाच. जे तिला येत नाही म्हणून ती समजत होती, ते तिने वऱ्हाडीत आमच्यासमोर जसेच्या तसे सांगून टाकले होते. फक्त, या दोन गोष्टी एकच आहेत, हे तिला आजवर कोणी सांगितलेले नव्हते.

आता तिच्या पुस्तकाकडे वळू. त्यातील नमुन्याचे वाक्य आमच्या ओळखीचे निघाले. चोराने पोलिसास पाहिले मात्र, तोच तो पळाला! हा चोर आम्ही आमच्या विद्यार्थिदशेत पळताना पाहिला आहे. आमच्या वडील बंधूंच्या वह्यांतूनही तो पळत होता. आणि आज मेडशीच्या ओसरीवर तो पुन्हा आमच्या समोरून पळाला. पुस्तके बदलली, परीक्षांचे नमुने बदलले, वसाहतीचे राज्य गेले, शाईची दौत जाऊन बॉलपेन आले, परंतु हा चोर काही पकडला गेला नाही. त्याच्या मागोमाग वर्गात शिरणारे ते गुरुजी आणि त्यांना पाहताच उठून उभे राहणारे ते विद्यार्थीही अद्याप तसेच उभे आहेत; त्यांना ‘बसा’ म्हणावयास कोणी तयार नाही.

विनोद बाजूस ठेवून विचार करू. ही वाक्ये व्याकरणाने अशुद्ध नाहीत. ती निर्जीव आहेत, हा त्यांचा दोष. ‘नो सूनर’ या प्रयोगाचे मीठ कशात आहे? एक गोष्ट घडते न घडते तोच दुसरी, बहुधा अनपेक्षित आणि पुष्कळदा नकोशी, गोष्ट येऊन थडकते, यात. धान्य वाळत घालावे आणि पाऊस यावा. पाटावर बसावे आणि दारात पाहुणा उभा राहावा. कर्ज फिटावे आणि बैल दगावावा. अशा ठिकाणी हा प्रयोग शोभतो. पोलिसास पाहून चोर पळाला, यात अनपेक्षित ते काय? न पळता तर ती बातमी झाली असती! गुरुजी आले आणि मुले उभी राहिली, हा तर शाळेचा नियमच. म्हणजे वाक्प्रचार शिकविण्यासाठी निवडलेली उदाहरणेच अशी, की त्यांतून वाक्प्रचाराचा प्राण आधी काढून घेतलेला असावा.

याहूनही मोठा अपराध पुढेच आहे. ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’ आणि ‘नो सूनर’ हे दोन प्रयोग एकमेकांच्या जागी बिनदिक्कत ठेवता येतात, अशी समजूत या स्वाध्यायांनी पिढ्यानपिढ्या करून दिली आहे. ती खोटी आहे. ‘पोहोचताच फोन कर’ असे आई मुलास सांगते. तेथे इंग्रजीत ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’ चालते, ‘नो सूनर’ चालत नाही. ‘पैसे मिळाल्याबरोबर तुझी रक्कम परत करीन’ या वचनातही तीच गोष्ट. आज्ञा, सूचना, वचन, भावी बेत ही ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’ची हद्द, तेथे ‘नो सूनर’ घालू गेल्यास वाक्य कोसळते. ‘नो सूनर’चे खरे क्षेत्र कथनाचे: घडून गेलेल्या प्रसंगाचे, किंवा वारंवार घडणाऱ्या एखाद्या पिडेचे. शिवाय हा प्रयोग थोडा भारदस्त आहे. गोष्टीत, पत्रात, लेखनात तो अधिक रुळतो, आणि घाईच्या बोलण्यात इंग्रज मनुष्यही साधे ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’ पत्करतो. त्या दृष्टीने पाहता आमच्या मुलीचे ‘बोलाचं नसते’ हे उत्तर अर्धे बरोबरच होते. पण ते इंग्रजीच्या चालीवरून तिला उमगलेले नव्हते. तो पेपराचा माल आहे, एवढेच तिला ठाऊक होते.

आता गंमत पाहा. हा जो भेद आम्ही वर इंग्रजीत दाखविला, तो मराठीत तंतोतंत आहे. ‘पोहोचताच फोन कर’ हे ठीक. परंतु ‘पोहोचतोस न पोहोचतोस तोच फोन कर’ असे कोणी म्हटले तर मेडशीचे शेंबडे पोरही हसेल. उलट ‘मी बसतो न बसतो तोच फोन वाजतो’ हे वाक्य किती सरळ! ‘-ताच’ आणि ‘-ल्याबरोबर’ हे एकीकडे, ‘न… तोच’ हा दुसरीकडे, हा विवेक मराठी मूल कोणत्याही गुरूवाचून, बोलू लागल्यापासून काही वर्षांत आत्मसात करते. म्हणजे इंग्रजी वाक्प्रचाराच्या उपयोगातील जो भाग सर्वांत अवघड, जो शब्दकोशात सापडत नाही आणि नियमात मावत नाही, तो भाग या मुलांना वर्गात पाऊल टाकण्यापूर्वीच येत असतो. शिक्षकाने केवळ एक प्रश्न विचारावयाचा: “हे तू आपल्या भाषेत केव्हा म्हणतोस?” तेवढा एक प्रश्न सोडून आम्ही बाकी सर्व विचारतो.

राहिला इंग्रजी रचनेचा भाग. तोही सूत्र घोकण्याइतका दुर्बोध नाही. ‘सूनर’ हे ‘सून’चे तुलनेचे रूप आहे, ‘टॉलर’पुढे जसा ‘दॅन’ येतो, तसा ‘सूनर’पुढेही ‘दॅन’च येणार. मी रस्त्यावर आले, ते बस सुटण्याहून जराही अगोदर नव्हे, असा शब्दांचा मूळ हिशेब आहे. दोन घटनांमधील अंतर शून्यावर आणून ठेवण्याची ही युक्ती. म्हणूनच येथे ‘दॅन’च्या जागी ‘व्हेन’ लिहिणे चूक. आणि ‘हार्डली’पुढे मात्र ‘व्हेन’ यावयाचे, कारण तेथे तुलना नाही. आणि ‘डिड’ किंवा ‘हॅड’ कर्त्याच्या आधी का उडी मारतो? कारण इंग्रजीत असा निषेधाचा शब्दबंध जोर देण्यासाठी वाक्याच्या तोंडाशी आणला, की साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या पुढे येते. ‘नेव्हर’ने आरंभ होणाऱ्या वाक्यातही हेच घडते. हे सारे सांगावयास पाच मिनिटे पुरतात. ही पाच मिनिटे वाचवून आम्ही मुलांना पाच पायऱ्यांचे सूत्र पाठ करावयास लावतो, आणि त्यातील एक पायरी विसरली की सारा जिना कोसळतो.

भाषा शिकण्याचा हा मार्ग आमच्या पूर्वजांस ठाऊक नव्हता असे नाही. शब्दाच्या अर्थाचे ज्ञान कशाकशाने होते, याची चर्चा करताना आमच्या शास्त्रकारांनी व्याकरण, उपमान, कोश, आप्तवाक्य, व्यवहार, वाक्यशेष, विवरण आणि परिचित शब्दाचे सान्निध्य अशी आठ साधने गणली आहेत. कोश आणि व्याकरण ही त्यांतील दोनच, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. व्यवहाराचे जे उदाहरण ते देतात, ते तर शिक्षणशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथाच्या आरंभी घालावे असे आहे. घरातील वडील मनुष्य दुसऱ्यास म्हणतो, ‘गाय आण’. तो गाय आणतो. जवळ बसलेले मूल पाहत असते. मग वडील म्हणतो, ‘गाय बांध’, ‘घोडा आण’. एक शब्द तोच राहिला आणि दुसरा पालटला, त्याबरोबर कृती कोठे पालटली, हे पाहून मूल दोन्ही शब्दांचे अर्थ वेगळे काढते. शब्द घालणे आणि काढणे या क्रियेस शास्त्रकारांनी ‘आवाप’ आणि ‘उद्वाप’ अशी नावे दिली. यात मुलास मिळते ते आधी संपूर्ण वाक्य, तेही खऱ्या प्रसंगातील, शब्द नंतर. भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त तर पुढे जाऊन वाक्य हेच अखंड, आणि शब्द हे त्यातून बुद्धीने वेगळे काढलेले अंश, असा पक्ष मांडला. आमच्या मार्गदर्शक पुस्तकात शब्द घालणे आहे आणि काढणेही आहे. फक्त गायही नाही, आणि आणणाराही नाही. निव्वळ आवापोद्वाप चालला आहे.

हा केवळ आमच्याकडील जुन्या पंडितांचा छंद, असे कोणी समजू नये. खुद्द इंग्रजांनी आपल्या भाषेचा मोठा कोश करावयास घेतला, तेव्हा त्यांनी प्रथम वाक्ये जमविली. १८५७ साली लंडनच्या भाषाविषयक मंडळात या कार्याची कल्पना निघाली. शेकडो स्वयंसेवकांनी ग्रंथ वाचून एकेक शब्दाचा प्रत्यक्ष उपयोग चिठ्ठ्यांवर उतरून पाठविला. १८८४ साली पहिला भाग निघाला आणि १९२८ साली ऑक्सफर्डचा तो कोश पुरा झाला. परक्यांना इंग्रजी शिकविण्याचे काम करीत असता हॉर्नबी व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळून आले, की शिकणाऱ्यास अर्थाहून उपयोगाची अडचण अधिक; त्यातून जो कोश झाला तो १९४२ साली टोकियोस छापला गेला व १९४८ साली ऑक्सफर्डने पुन्हा काढला. १९१९ ते १९२८ या काळात लाहोरास इंग्रजीचे अध्यापन केलेल्या फर्थ यांनी १९५७ साली असे प्रतिपादिले, की शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून पटते. आमच्याकडे माणसाविषयी ही गोष्ट आजीबाई सांगत आल्या. शब्दाविषयी ती पुन्हा ऐकावयास काय हरकत आहे?

आणि मेडशीच्या मुलांनी हे ऐकावयास लाहोर वा टोकियोपर्यंत तरी कशाला जावे? ज्या अकोल्याची वाट त्यांच्या गावावरून जाते, त्याच अकोल्याहून १८७५ साली गोपाळ गणेश आगरकर मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. दारिद्र्यात शिकलेल्या या विद्यार्थ्याने पुढे १८८३ साली शेक्सपिअरचे ‘हॅम्लेट’ ‘विकारविलसित’ म्हणून मराठीत आणले, आणि १८८८ साली मराठी वाक्याची मीमांसा करणारा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. वऱ्हाडच्या शिक्षणकार्यात हयात वेचलेल्या विष्णु मोरेश्वर महाजनी यांनी १८७९ साली ‘सिंबेलाइन’चे ‘तारा’ नाटक केले. या माणसांना इंग्रजी आले ते मराठी दाराबाहेर ठेवून नव्हे. एका भाषेतील वाक्य दुसरीत नेताना ‘आमच्याकडे असे केव्हा म्हणतात?’ हा प्रश्न त्यांना ओळीओळीस पडत होता. इंग्रजीस वाघिणीचे दूध म्हणण्याची जी प्रसिद्ध उपमा विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावावर आहे, तीही आम्ही अर्धीच घेतली. वाघिणीचे दूध पचवावयास आईच्या दुधावर वाढलेले पोट लागते, हा तिचा उरलेला अर्धा भाग. जुन्या पिढीने गिरविलेल्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेस हसण्याची आज रीत आहे. तिची वाक्ये कृत्रिम असतीलही. तथापि तिच्यात दोन भाषा समोरासमोर उभ्या होत्या. आजच्या स्वाध्यायात एक इंग्रजी वाक्य दुसऱ्या इंग्रजी वाक्यासमोर उभे असते, आणि विद्यार्थी त्या दोघांच्याही बाहेर.

आमच्या म्हणण्यावर तीन आक्षेप येतील, व ते नेहमी येतात तेच आहेत.

पहिला आक्षेप परीक्षेच्या सोयीचा. लाखो उत्तरपत्रिका तपासावयाच्या. उत्तर एकच आणि निश्चित असले पाहिजे. ‘नो सूनर’चे सूत्र यास फार सोयीचे. आम्ही विचारतो, निश्चित उत्तराचा प्रश्न शहाणपणाचा असू शकत नाही काय? चार प्रसंग द्यावे. एकात आईची सूचना असावी, एकात वचन असावे, दोनांत घडलेली हकीकत असावी. ‘नो सूनर’ कोणत्या दोहोंत बसेल ते विचारावे. उत्तर निश्चित, तपासणे सोपे, आणि सूत्र पाठ करणारास एक गुण मिळणार नाही. सोय ही अडचण नव्हे. ज्यास आपण शिकवितो म्हणतो ते आपणांस तरी येते काय, ही खरी अडचण आहे.

दुसरा आक्षेप कनवाळूपणाचा वेष घेऊन येतो. ‘खेड्यातील मुले, त्यांना आधी गुण तर मिळू द्या, उपयोग वगैरे चैन शहरातील मुलांची.’ हा कनवाळूपणा म्हणजे तिरस्काराचा धाकटा भाऊ होय. शहरातील ज्या मुलाच्या घरी इंग्रजी बोलले जाते, त्याला उपयोग वर्गात शिकविला नाही तरी चालतो. तो त्याला जेवणाच्या टेबलाशी मिळतो. मेडशीच्या मुलीस इंग्रजीचा वर्ग हे एकच दार आहे. त्या दारातून तुम्ही तिच्या हाती नुसते सूत्र दिले, तर परीक्षेचा दिवस मावळताच ते सूत्र मातीमोल होते. उद्या नोकरीच्या मुलाखतीस ती बसेल, तेव्हा समोरचा मनुष्य तिला चोर आणि पोलिसाचे वाक्य पालटून दाखवावयास सांगणार नाही. ‘उशीर का झाला?’ एवढेच विचारील. त्या वेळी बारा वर्षांचे इंग्रजी तिच्या गळ्यात अडकेल, आणि आपणच मंद आहोत असे ती मनाशी धरून घरी परतेल. गुणपत्रिकेत न दिसणारी ही हानी आम्हांस सर्वांत मोठी वाटते. शिकविणाराचा दोष शिकणाराने आपल्या माथी घ्यावा, याहून क्रूर व्यवस्था ती कोणती?

तिसरा आक्षेप सोवळ्याचा. ‘इंग्रजीच्या तासास मराठीचा विटाळ नको, मुलांनी इंग्रजीतच विचार केला पाहिजे.’ दिवसभर जेथे इंग्रजी कानी पडते, तेथे या मार्गाचे गुण आम्हीही मान्य करू. परंतु जेथे दिवसाकाठी एक तास इंग्रजी, आणि त्यातही फळ्यावरचे उतरून घेणे अधिक, तेथे मराठीस बंदी घातल्याने मूल इंग्रजीत विचार करू लागत नाही. ते विचार करणेच थांबविते. शिवाय मराठी बाहेर राहते असेही नाही. पुढच्या दाराने हाकललेली मराठी मागील दाराने येते, पण विद्रूप होऊन येते. आम्ही पाहिलेल्या त्या पुस्तकात ‘नो सूनर… दॅन’ याच्यासमोर ‘लवकरच’ असा अर्थ छापलेला होता! हा अर्थ पाहून जो वाक्य करू जाईल, त्याची गाडी चुकली तर नवल काय? ‘सडकेवर आली ना आली, तं’ हे बावनकशी सोने घरात असताना मुलास हे पितळ विकत घ्यावयास लावावयाचे, आणि वर सोवळ्याच्या गोष्टी सांगावयाच्या!

राज्यकर्त्यांनी व विद्वानांनी भाषाशिक्षणावर वाद केले नाहीत असे कोण म्हणेल? पूर्वी पाचवीपासून सुरू होणारे इंग्रजी २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, पहिलीपासून आणले गेले. २०२५ साली पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी शिकविण्यावरून रान उठले. एप्रिल आणि जून महिन्यांत काढलेले शासननिर्णय जूनअखेर मागे घ्यावे लागले. हे वाद अनाठायी होते असे आम्ही म्हणत नाही. परंतु प्रत्येक वेळी वाद झाला तो ‘केव्हापासून’ आणि ‘किती’ यांचा. ‘कसे’ हा प्रश्न सभेच्या शेवटी, आभारप्रदर्शनानंतर उरला. चार वर्षे आधी सुरुवात करून काय साधले? ज्या चोरामागे विद्यार्थी आठ वर्षे धावत असे, त्यामागे तो आता बारा वर्षे धावतो.

मग करावे काय? आम्ही आयोग मागत नाही, अनुदान मागत नाही, नवे पुस्तकही मागत नाही. कोणताही वाक्प्रचार फळ्यावर लिहिताच शिक्षकाने वर्गास विचारावे, की अशी वेळ तुमच्यावर कधी आली होती. आणि उत्तर मुलांच्या घरच्या बोलीत येऊ द्यावे. तो प्रयोग कोठे शोभणार नाही, हेही लगेच विचारावे. कारण शब्दाची हद्द कळल्यावाचून शब्द कळला असे होत नाही. मग इंग्रजी रचनेची गाठ सोडवून दाखवावी, आणि शेवटी प्रत्येकाने आपल्याच प्रसंगाचे एक वाक्य लिहावे. दुसऱ्याचे उतरलेले वाक्य कितीही शुद्ध असो, त्याची किंमत शून्य धरावी. यास खर्च येत नाही. लागते ते एवढेच, की मुलाजवळ सांगण्यासारखे काही आहे यावर शिक्षकाचा विश्वास असावा. मराठीच्या तासालाही ‘वाक्यात उपयोग करा’ म्हटले, की ‘गुरुजींनी फळ्यावर हा वाक्प्रचार लिहिला’ असे वाक्य करून सुटणारा विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतो. त्याला आपण लबाड म्हणतो. आम्हांस तो सत्यवादी वाटतो. त्या वाक्प्रचाराची आणि त्याची भेट खरोखरच फळ्याखेरीज कोठे झालेली नसते.

जाता जाता एका जुन्या गोष्टीचे स्मरण द्यावेसे वाटते. हे वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांच्या विवाहाची जी रम्य कथा सांगितली आहे, तीत तो विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरीत लागला. शब्द आणि अर्थ यांचे उचित सहजीवन, तेच साहित्य. ज्या भूमीत हे लग्न लागले असे आमच्या पंडितांनी मानले, त्याच भूमीत आज मुलांच्या वहीत शब्द एकीकडे नांदतो आणि अर्थ दुसरीकडे, आणि या काडीमोडास आम्ही अभ्यासक्रम म्हणतो.

त्या संध्याकाळी वीज गेली, आणि कंदिलाच्या उजेडात आम्ही त्या मुलीस वर सांगितलेली पाच मिनिटे दिली. ‘डिड’ऐवजी ‘हॅड’ का अधिक बरा, हे तिने स्वतःच विचारले. सडकेवर येणे आधी पुरे झाले होते म्हणून, असे सांगताच तिला पटले. मग तिने वहीत, चोराच्या वाक्याखाली, आपले वाक्य लिहिले आणि मोठ्याने वाचले: “नो सूनर हॅड आय रीच्ड द रोड दॅन द बस लेफ्ट.” आई चुलीशी बसली होती, तिने विचारले, “काय म्हणते वो?” मुलगी म्हणाली, “तेच, दुपारचं!”